जागा करून देणं

धाकट्या भावाला मी माझ्या रक्तातल्या मूळपेशी दिल्या. हे कळलं की लोक आधी माझीच विचारपूस करतात. फार दुखलं का, किती रक्त गेलं, हाडं कमजोर तर नाही ना झाली? विचारण्यामागे माया असते, म्हणून मीही सगळं नीट सांगते. पण दरवेळी वाटतं, हे खरं तर भावाला विचारायला हवं. या सगळ्यात पेशी देणं हा सोपा भाग. त्या पेशींना दुसऱ्याच्या हाडांत जागा करून देणं हा अवघड भाग, आणि तो जवळजवळ सगळा घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. आम्ही या वाटेला लागलो तेव्हा हे मला इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

भावाला अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, झाला होता. केमोच्या पहिल्या फेऱ्यांनी आजार आटोक्यात आला, बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांतल्या मज्जेच्या, तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मग जनुकीय तपासणीचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. या जातीचा ल्युकेमिया नुसत्या केमोवर सोडला तर बहुधा उलटतो, आणि उलटला की पुन्हा काबूत येणं कठीण. तो शांत आहे तोवरच प्रत्यारोपण करायचं, असं ठरलं.

तोवर ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ म्हणजे कसलीतरी मोठी शस्त्रक्रिया, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाचायला लागले तेव्हा उलगडत गेलं. आपल्या शरीरात रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वेगळ्याच. या सगळ्यांचं मूळ हाडांच्या पोकळीतल्या थोड्याशा पेशींमध्ये असतं. प्रौढ माणसाचं रक्त चालू ठेवणाऱ्या अशा मूळपेशी ५० हजार ते २ लाखांच्या घरात असाव्यात, असा अंदाज २०१८ मध्ये जनुकीय खुणांवरून बांधला गेला. इतक्या कमी! त्यांच्या अंगी दोन गुण असतात. रक्तातली कोणतीही पेशी त्यांच्यापासून घडू शकते, आणि त्या स्वतःसारखी दुसरी मूळपेशीही घडवू शकतात. म्हणून थोड्याशा पेशी दुसऱ्याच्या शरीरात रुजल्या तरी त्याला आयुष्यभर रक्त पुरवू शकतात.

टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक या दोघांनी १९६१ मध्ये हे पहिल्यांदा मोजून दाखवलं. किरणोत्साराने मज्जा नष्ट झालेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठल्या. अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे पुढे दोन वर्षांनी सिद्ध झालं. तो प्रयोग वाचताना माझं लक्ष मात्र त्यातल्या दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. उंदरांची मज्जा आधी मारावी लागली होती. तेव्हा मी ते फक्त नोंदवून पुढे गेले.

आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मग बहीण, मग तो. गालाच्या आतून काडी फिरवून आणि थोडं रक्त घेऊन आम्हा दोघी बहिणींची एचएलए तपासणी झाली. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर ज्या खुणांवरून ओळखतं, त्या या खुणा. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात, त्यामुळे साधारणपणे एक अख्खा संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. दोन भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये यातली पहिली खूण शोधली. त्याच सुमारास डॉनल थॉमस माणसांवर मज्जा प्रत्यारोपणाचे पहिले प्रयत्न करत होते. जुळणी तपासायची सोयच नसल्यामुळे त्या काळचे बहुतेक रुग्ण दगावले. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, दोसेंना १९८० मध्ये आणि थॉमस यांना १९९० मध्ये. मधल्या वर्षांत वाचू न शकलेल्या रुग्णांवरूनच डॉक्टर ही उपचारपद्धती शिकले, हे मला विसरता येत नाही.

मी पूर्ण जुळले, बहीण अर्धी. बहिणीला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन, नव्या पेशींतल्या ज्या लढाऊ पेशी रुग्णाच्या शरीरावर चवताळलेल्या असतात त्यांनाच मारतात. मूळपेशी त्यातून वाचतात. म्हणजे ऐनवेळी माझं काही झालंच, तर बहीण होती. त्याने तिच्यापेक्षा मलाच धीर आला.

देणाऱ्याची तपासणी वेगळ्या डॉक्टरांनी करायची, भावावर उपचार करणाऱ्यांनी नाही, अशी तिथली पद्धत होती. ती मला फार मोलाची वाटली. कावीळ, एचआयव्ही, हृदयाचा आलेख, गर्भधारणेची चाचणी, हातांच्या शिरा, सगळं तपासून झाल्यावर त्या डॉक्टरबाईंनी घरच्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, “तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?”

मी म्हटलं, “नाही.”

“असेल तर आत्ता सांगा. तुम्ही नाही म्हटलंत तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की डोनर वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. कारण कुणालाही कळणार नाही.”

मग त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं. त्या तारखेला भावाचं मोठं केमो सुरू होणार होतं. “इथपर्यंत तुम्हाला मागे फिरता येईल. इथून पुढे कायद्याने कुणी अडवणार नाही, पण त्याची मज्जा गेलेली असेल. तेव्हा तुमच्या पेशी आल्या नाहीत तर तो जगणार नाही.”

मला द्यायचंच होतं, त्यात तसूभर शंका नव्हती. तरी ते वाक्य ऐकल्यावर मी बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसले. सही करताना मला पहिल्यांदा कळलं की मी त्याला काहीतरी देते आहे हे अर्धंच खरं आहे. त्याआधी तो स्वतःचं सगळं सोडून देणार आहे, माझ्या शब्दावर. त्यानंतर प्रत्यक्ष पेशी देईपर्यंत मी रस्ता ओलांडतानाही दोनदा बघत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली. बाईने पुरुषाला पेशी दिल्या, आणि त्यातही ती बाळंतपण झालेली असेल, तर त्या पेशींनी घेणाऱ्याच्या शरीरावर उठण्याचा धोका थोडा वाढतो. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून बनणारी काही प्रथिनं बाईच्या पेशींना परकी वाटतात, आणि मुलगा पोटात असताना त्यांची ओळख आधीच झालेली असू शकते. मला मुलगाच आहे. “तरीही पूर्ण जुळलेली सख्खी बहीण ही आमची पहिली पसंती,” त्या म्हणाल्या. पुढे या गोष्टीची आठवण व्हायचीच होती.

पेशी घ्यायच्या दोन रीती असतात. एकीत भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा ओढून घेतात. दुसरीत इंजेक्शनं देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात आणि मशीनने वेगळ्या करतात. रक्तातून घेतलेल्या पेशी लवकर रुजतात, पण दीर्घकाळ त्रास देणारी प्रतिक्रिया त्यांच्यामुळे जास्त दिसते. काही आजारांत म्हणूनच हाडातली मज्जा घेणं पसंत करतात. भावाच्या बाबतीत डॉक्टरांनी रक्ताचा मार्ग निवडला.

मूळपेशी रक्तात उतरवणारी ही जी-सीएसएफची इंजेक्शनं चार-पाच दिवस रोज घ्यायची असतात. सुई बारीक, पोटाच्या कातडीखाली, काहीच वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र कंबर, छातीचं मधलं हाड आणि मांड्या आतून ठणकायला लागल्या. ताप येण्याआधी अंग मोडून येतं तसं, पण थेट हाडांच्या गाभ्यात. पॅरासिटामॉलने उतरायचं, रात्री पुन्हा चढायचं. प्लीहा थोडी सुजलेली असते, म्हणून जड उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, अशी ताकीद होती. त्या ठणक्याचं कारण समजल्यावर मला तो सोसणं सोपं गेलं. मूळपेशी हाडात मोकळ्या फिरत नसतात. तिथल्या आधार देणाऱ्या पेशी सीएक्ससीएल १२ नावाचा रेणू सोडतात, आणि मूळपेशी आपल्या अंगावरच्या सीएक्ससीआर ४ ने त्याला धरून असतात. इंजेक्शनांमुळे पांढऱ्या पेशींचं उत्पादन उसळतं, त्यांच्यातून सुटणारी विकरं ही पकड तोडतात, आणि मूळपेशी रक्तात वाहत येतात. हाडातून रक्तात आणि रक्तातून पुन्हा हाडात असा थोडासा फेरा त्या एरवीही मारत असतात. इंजेक्शनं तोच फेरा कितीतरी पटींनी वाढवतात.

मी ही इंजेक्शनं घेत होते त्याच दिवसांत वरच्या मजल्यावर भावाची मज्जा रिकामी केली जात होती. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी मशीन.

सकाळी रक्तातल्या सीडी ३४ पेशी मोजल्या. मूळपेशी आणि त्यांच्या अगदी जवळच्या पेशींच्या अंगावर सीडी ३४ ही खूण असते, त्यामुळे गोळा केलेल्या पिशवीत पुरेशा पेशी आहेत की नाहीत हे तिच्यावरूनच ठरवतात. घेणाऱ्याच्या दर किलो वजनामागे अशा किमान २० लाख पेशी लागतात, आणि शक्यतो ४०-५० लाख मिळाव्यात असा प्रयत्न असतो. आकडा चांगला आला. दोन्ही हातांत सुया लावल्या. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे गरगर फिरून वजनानुसार थर वेगळे होतात, मूळपेशी असलेला पातळ थर पिशवीत जातो आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. शरीरातलं सगळं रक्त असं दोन-तीनदा मशीनमधून फिरतं, पण एका वेळी बाहेर थोडंसंच असतं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. आल्या की लगेच सांगायचं. कॅल्शियम दिलं की थांबतात. चार-पाच तास, आणि सुईचा हात वाकवायचा नाही. नाक खाजवायलाही दुसऱ्याची मदत.

शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा होता. त्याच्या मानेपाशी मोठी नळी घातलेली होती, आणि त्याची आई पायाशी बसली होती. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “ताई, तुम्ही कुणासाठी देताय?”

“धाकट्या भावासाठी. आणि तू?”

“माझ्यासाठीच.”

त्याला सिकलसेल होता, तांबड्या पेशींचा जन्मजात आजार. लहानपणापासून हाडं फुटतील अशा वेदनांचे झटके, दवाखाने, रक्त चढवणं. भावंडांत जुळणारं कुणी नव्हतं. त्याच्याच मूळपेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात बदल करून त्यालाच परत द्यायच्या होत्या. माझी ती इंजेक्शनं त्याला चालणार नव्हती, कारण पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या तर सिकलसेलमध्ये जिवावर बेतू शकतं. त्याला प्लेरिक्साफोर दिलं होतं. ते मूळपेशीची सीएक्ससीआर ४ ची पकड थेट सोडवतं, तेही काही तासांत. त्याच्या पेशी एका बैठकीत पुरत नव्हत्या, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा यावं लागत होतं. शिवाय थोड्या पेशी न बदलता तशाच गोठवून ठेवायच्या होत्या, बदललेल्या रुजल्या नाहीत तर जीव वाचवायला.

तो फार समजून-उमजून बोलत होता. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ थांबवतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. सिकलसेल झालेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही याचं कारण हे गर्भातलं हिमोग्लोबिन असावं, असं जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच सुचवलं होतं. ते बंद करणारं बटण म्हणजे बीसीएल११ए हे जनुक, हे २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवलं. आता क्रिस्पर हे जनुक कापायचं तंत्र वापरून मूळपेशींमध्ये ते जनुक चालू ठेवणारा तुकडाच कापतात. बटण सैल पडतं, बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं, आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकत नाहीत. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने. क्रिस्परवर आधारलेला मंजुरी मिळालेला हा जगातला पहिला उपचार. इतकं नवं शास्त्र, आणि ज्याच्यासाठी ते आहे तो मुलगा मानेत नळी घेऊन माझ्या शेजारी बसलेला. मला भरून आलं.

“तुझं बरं आहे,” मी म्हटलं. “पेशी तुझ्याच, म्हणजे शरीराशी भांडण नाही.” भावाच्या बाबतीत आम्हाला त्याचीच धास्ती होती.

“हो, ते नाही. पण बुसल्फान घ्यावंच लागतं ना.”

वरच्या मजल्यावर भावाच्या नळीतून जे औषध जात होतं, तेच हे औषध. मी त्याला विचारलं, पेशी तुझ्याच परत येणार, तर मग मज्जा का मारायची? त्याने मला जे सांगितलं ते मी पुढे डॉक्टरांकडूनही ताडून घेतलं. हाडांत मूळपेशींना बसायला जागा मोजक्या असतात आणि त्या भरलेल्या असतात. आजारी पेशी उठल्याशिवाय बऱ्या पेशींना बसता येत नाही. जनुक कितीही नेमकं कापलं, तरी ती पेशी हाडात शिरून बसली नाही तर उपयोग शून्य. म्हणजे माझ्या भावाचं जुन्या रीतीचं प्रत्यारोपण आणि या मुलाची सर्वांत नवी जनुकोपचार पद्धती, दोन्ही एकाच दारातून जात होत्या. उंदरांचा प्रयोग वाचताना जे नुसतं नोंदवलं होतं, ते तिथे त्या खुर्चीवर बसून मला नीट समजलं.

जिथे जागा आधीच रिकामी असते तिथे हा त्रास पुष्कळदा टळतो. काही बाळं लढाऊ पेशी न बनवू शकणारी मज्जा घेऊन जन्मतात. भावंडाच्या जुळलेल्या पेशी मिळाल्या तर त्यांना बहुतेक वेळा केमोशिवायही त्या देता येतात. १९६८ मध्ये रॉबर्ट गुड यांनी अशाच एका बाळाला बहिणीची मज्जा दिली आणि ते जगलं. याच आजाराच्या एका प्रकारावर पॅरिसमध्ये अलँ फिशर आणि मरीना काव्हात्साना यांनी विषाणूच्या मदतीने चांगलं जनुक मूळपेशींत घातलं. मुलं बरी झाली, आणि मग त्यांच्यातल्या काहींना ल्युकेमिया झाला, कारण ते जनुक नको त्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसलं होतं. त्यानंतर वापरायचे विषाणू बदलले, आणि आता जनुकोपचार घेतलेल्यांवर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात. त्या मुलाच्या आईला हे सगळं माहीत होतं. सगळं जाणून तिने होकार दिला होता.

आता भाऊ. बुसल्फानमुळे झटके येऊ शकतात, म्हणून ते सुरू व्हायच्या आधीपासून झटके न येण्याचं औषध. त्याच्याही कितीतरी आधी, अगदी पहिल्या केमोपूर्वी, त्याचे शुक्राणू गोठवून ठेवले होते, कारण नंतर मूल होण्याची शक्यता फार कमी राहते. तेव्हा त्याचं लग्नही ठरलेलं नव्हतं. आईसमोर तो त्यावर काही बोलला नाही, माझ्याशी बोलला. ते मी इथे लिहिणार नाही. पण देणाऱ्याचं कौतुक करताना लोकांना हा हिशेब ठाऊक असावा असं मला वाटतं.

पहिले दोन-तीन दिवस तो चांगला होता, त्यामुळे मला खोटा धीर आला. हे केमो अंगावर उशिरा येतं. पेशी देण्याच्या दिवसापर्यंत त्याला मळमळ आणि थकवा एवढंच होतं. त्यांच्या भाषेत तो दिवस शून्य. त्याआधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक. माझी पिशवी प्रयोगशाळेतून मोजून वर आली. फिकट लाल, हातात मावेल एवढी. नर्सने दोघांची नावं आणि नंबर दोनदा वाचले, पिशवी त्याच्या छातीतल्या नळीला जोडली, आणि तासाभराच्या आत ती संपली. ना शस्त्रक्रिया, ना भूल. पेशी शिरेत सोडल्या की आपली वाट आपणच शोधतात. ज्या सीएक्ससीएल १२ पासून माझ्या हाडांत त्यांना सोडवलं होतं, त्याच्याच मागावर त्या त्याच्या हाडांत शिरतात. मी काचेपलीकडे उभी होते. तो मला म्हणाला, “ताई, एवढंच?”

एवढंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या तोंडाची आतली कातडी सोलवटली. थुंकी गिळवत नव्हती, मॉर्फिन सुरू झालं, नळीतून अन्न. पांढऱ्या पेशींचा काउंट शून्याजवळ. ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक लागलं पाहिजे. प्लेटलेट्स आणि रक्त वरचेवर चढवावं लागे, तेही किरणोत्सार दिलेलं, म्हणजे रक्तदात्याच्या लढाऊ पेशी त्याच्या निराधार शरीरात वाढू नयेत. या काळात माणूस दोन मज्जांच्या मध्ये असतो, जुनी गेलेली, नवी अजून लागलेली नाही. मी तोवर ठणठणीत झाले होते. माझ्या दिलेल्या पेशी भरूनही निघत आल्या होत्या. आम्हा दोघांमधली ही तफावत मला सहन होत नव्हती. रोज सकाळी काउंटचा कागद यायचा आणि आई तो माझ्याकडे द्यायची, मी वाचून दाखवावा म्हणून.

न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, लागोपाठ तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणतात. रक्तातून घेतलेल्या पेशींना त्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. पहिल्यांदा शून्याऐवजी काहीतरी आकडा दिसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून काही म्हणायचं नाही. तो चढत गेला. तोंड भरून यायला लागलं. काउंट वाढला की तोंडातले व्रणही भरतात, हे डोळ्यांनी बघितलं.

आणि मग त्याच्या तळहातांवर, कानांमागे, छातीवर लाल पुरळ उठलं. बायोप्सी झाली. माझ्या पेशी त्याच्या कातडीवर उठल्या होत्या. हे होऊ नये म्हणून मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन चालू होतंच, तरी झालं. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, तरी ते पुरळ बघताना जीव तुटत होता. मला समजवायला त्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते या सगळ्या शास्त्रातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं. ज्या पेशी कातडीला परकं समजतात, त्याच लपून राहिलेल्या ल्युकेमियालाही परकं समजतात. ज्यांना अशी प्रतिक्रिया अजिबात येत नाही, किंवा ज्यांना तंतोतंत जुळ्या भावंडाच्या पेशी मिळतात, त्यांच्यात ल्युकेमिया जास्त वेळा उलटतो, हे १९९० पर्यंत आकडेवारीने सिद्ध झालं होतं. म्हणजे केमोने फक्त जागा केली. आजार मुळातून संपवायचं काम पुष्कळसं माझ्या पेशींचं होतं, आणि तेच काम करताना त्या हद्दही ओलांडत होत्या. “थोडं पुरळ आम्हाला चालतं,” ते म्हणाले. स्टिरॉइडवर ते ओसरलं. आतडं आणि यकृत वाचलं.

पुढचे महिने सांगण्यासारखे कमी आणि जपण्यासारखे जास्त. गोळ्या, मास्क, तपासण्या. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्याचा रक्तगट हळूहळू बदलला. तो बी पॉझिटिव्ह होता, आता माझ्यासारखा ओ पॉझिटिव्ह. त्याच्या रक्तपेशींत आता माझी दोन एक्स गुणसूत्रं दिसतात, कातडीत मात्र त्याचीच. कुठे रक्ताची डीएनए तपासणी झाली तर हे आवर्जून सांगा, असं लेखी पत्र त्याला दिलं आहे.

रक्तात किती पेशी माझ्या आणि किती त्याच्या, हे ठरावीक काळाने मोजतात. एका तपासणीत टी पेशींमधला, म्हणजे लढाऊ पेशींमधला, माझा वाटा थोडा घसरला. सायक्लोस्पोरिन आधी कमी केलं, मग बंद केलं, तरी तो पूर्ण वर येईना. तेव्हा मला पुन्हा बोलावलं, या वेळी मूळपेशींसाठी नाही, लढाऊ पेशींसाठी. त्यांना इंजेक्शनं लागत नाहीत. तेच मशीन, त्याच दोन सुया, ओठांना त्याच मुंग्या. लहान लहान मात्रांत वाटून त्यांनी त्या पेशी गोठवल्या आणि पहिली, सर्वांत छोटी मात्रा भावाला दिली. एकदम जास्त दिली तर पुरळ परत येईल, म्हणून.

त्या दिवशी तांत्रिक काम बघणाऱ्या ताईंना मी विचारलं, मज्जा मारायला बुसल्फानऐवजी दुसरं काही येणार का? त्यांनी सीडी ११७ वर बसणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल सांगितलं. मूळपेशींच्या अंगावरची ही खूण हेरून ते मुख्यतः त्यांनाच जागेवरून उठवतात. तोंड, केस, शुक्राणू वाचावेत अशी आशा. माणसांवर चाचण्या चालू आहेत. पेशीचं जनुक कापण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, माझं लक्ष आता त्या चाचण्यांकडे असतं.

भावाच्या पुढच्या तपासणीत माझ्या टी पेशींचा वाटा वाढलेला आला. दुसरी मात्रा सध्या लांबणीवर टाकली आहे. बाळपणी घेतलेल्या लसींची आठवण जुन्या मज्जेबरोबर गेली, म्हणून धनुर्वात, घटसर्प, पोलिओ, न्यूमोकॉकस अशा लसी त्याला पहिल्यापासून टोचताहेत. गोवराची लस जिवंत विषाणूची असते. प्रत्यारोपणाला किमान दोन वर्षं झाल्याशिवाय आणि प्रतिकारशक्ती दाबणारी सगळी औषधं थांबल्याशिवाय ती मिळणार नाही, त्यामुळे तोवर घरात कुणाला पुरळासकट ताप आला की तो दुसऱ्या खोलीत झोपतो.